शेतजमिनीची खरेदी व तीत बाळगावयाची सावधगिरी

चार पैसे गाठीस जमले म्हणजे ते जमिनीत घालावेत, ही आपल्या शेतकरी वर्गाची परंपरागत वृत्ती आहे. व ती सर्वस्वी चुकीची आहे असे कोणी म्हणणार नाही. सोने चोरीस जाते, उसनवार दिलेला पैसा बुडतो, परंतु जमीन जागची हलत नाही, असे आपले वाडवडील सांगत आले. जमीन हलत नाही हे खरे. पण जमिनीवरील हक्क मात्र हलतो, विभागला जातो, गहाण पडतो, आणि कित्येकदा विकणाराच्या हाती पुरता नसतानाही विकला जातो. हा भेद ज्याने ओळखला नाही त्याचा पैसा जमिनीत न जाता कोर्टकचेरीत जातो. महसूल खात्यात सुमारे तीस वर्षे कारकुनी केल्यावर, व स्वतः एका खरेदीत ठेच खाल्ल्यावर, प्रस्तुत लेखकास या विषयावर आपल्या खातेदार बंधूंपुढे चार गोष्टी मांडाव्याशा वाटतात.

सातबारा म्हणजे काय व काय नव्हे

आपल्यापैकी बहुतेकांची अशी दृढ समजूत असते की, सातबाऱ्यावर ज्याचे नाव तो मालक. ही समजूतच पुष्कळ अनर्थांचे मूळ आहे. आपली मोजणी व जमाबंदीची पद्धत सरकारी साऱ्याच्या सोयीसाठी जन्मास आली. गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून जी नवी जमाबंदी सुरू केली, तिचा हेतू कोणत्या क्रमांकाच्या जमिनीवर किती आकार बसवावयाचा व तो कोणाकडून वसूल करावयाचा हे ठरविणे, हा होता. जमिनीवरील निरनिराळ्या हक्कांची नोंद ठेवण्याचा कायदा मुंबई इलाख्यात त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, म्हणजे १९०३ साली झाला. आज आपण ज्या कायद्याखाली वागतो ती महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची आहे. तिच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. 'विरुद्ध सिद्ध होईपर्यंत' या तीन शब्दांकडे वाचकांनी लक्ष द्यावे. नोंद हा हक्काचा पुरावा आहे, हक्क नव्हे. हक्क उत्पन्न होतो तो वारसाने, नोंदणीकृत खताने, कायदेशीर वाटपाने अथवा न्यायालयाच्या हुकुमाने. नोंद ही त्याची सावली. सावली पाहून माणसाची उंची ठरविणारा जसा फसतो, तसाच केवळ उतारा पाहून जमीन घेणारा फसतो.

प्रस्तुत लेखकाची चूक

हे सर्व मला ठाऊक असूनही मी फसलो, म्हणून ती हकीकत सांगणे अवश्य वाटते. सन २०१९ मध्ये, नोकरीत असतानाच, भविष्यनिर्वाह निधीतील काही रक्कम काढून व घरातील थोडे दागिने मोडून मी आमच्या वडिलार्जित रानाला लागून असलेली ६० गुंठे जिरायत जमीन घेतली. खात्याला रीतसर कळविले. भाव गुंठ्यास २०,००० रुपये, म्हणजे एकंदर १२ लाख रुपये ठरला. विकणार दोघे सख्खे भाऊ, आमच्याच शिवेचे, लहानपणापासून पाहण्यातले. सातबाऱ्यावर त्या दोघांचीच नावे, भोगवटादार वर्ग १, इतर हक्कांत सोसायटीचा बोजा नाही, वहिवाट त्यांचीच. मला यात काही खोट दिसली नाही. खत झाले, फेरफार मंजूर झाला, मी दोन हंगाम बाजरी घेतली.

सन २०२१ मध्ये दिवाणी न्यायालयातून समन्स आले. विकणाऱ्या भावांना दोन बहिणी होत्या. वडील २००९ साली वारले, आई त्यानंतर. वडिलांच्या पश्चात जो वारस फेरफार झाला त्यात मजकूर असा होता की, मयतास दोन मुलगे व दोन विवाहित मुली असून मुलींनी आपला हक्क भावांच्या लाभात सोडल्याचा जबाब दिला आहे, सबब मुलग्यांची नावे दाखल करावीत. असा जबाब कोणी घेतला, कोणापुढे घेतला, मुली त्या दिवशी गावात होत्या की नाही, याचा काही पत्ता नाही. आणि जबाब खरा असता तरी उपयोग नव्हता. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावरावरील हक्क सोडावयाचा तर १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. तलाठ्यापुढील जबाबाने हक्क सुटत नाही.

हिशेब सरळ होता. चार भावंडे, प्रत्येकाचा हिस्सा चार आणे. ज्या दोघांनी मला सोळा आण्यांचे खत करून दिले त्यांच्या हाती आठच आणे होते. ६० गुंठ्यांपैकी ३० गुंठे मी अशा माणसांकडून विकत घेतले होते की, ज्यांचे ते नव्हतेच.

आता माझी चूक कोणती? उताऱ्यावर वर्तुळात फेरफाराचे जे क्रमांक असतात त्यांतील तो वारस फेरफार मी काढून वाचला नाही. हक्कनोंदीच्या व कूळकायद्याच्या कामात अशा शेकडो नोंदी माझ्या मेजावरून गेल्या होत्या. 'मुली सासरी नांदत आहेत' एवढ्या वाक्यावर मुलींची नावे एक तर गाळलेली, नाही तर 'इतर हक्क' या रकान्यात ढकललेली मी इतक्या वेळा पाहिली होती की, त्यात काही वावगे आहे हे डोळ्यास दिसेनासे झाले होते. ज्या कागदाने मी बुडालो तसले कागद मीच वर्षानुवर्षे पुढे सरकविले होते. हे लिहिताना संकोच होतो, परंतु लिहिल्यावाचून या लेखास अर्थ नाही.

मुलींचा हक्क

या बाबतीत कायदा आज असंदिग्ध आहे. आपल्या राज्याने १९९४ साली मुलीस सहदायाद ठरविणारी दुरुस्ती केली. तदनंतर हिंदू उत्तराधिकार कायद्यातील केंद्रीय दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात येऊन मुलगी जन्मतः मुलग्याप्रमाणेच वडिलार्जित मिळकतीत समान हिस्सेदार ठरली. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हा हक्क अबाधित आहे. अपवाद एवढाच की, २० डिसेंबर २००४ पूर्वी कायदेशीरपणे झालेली वाटपे व हस्तांतरणे त्यामुळे उलटत नाहीत. वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत असली व मृत्युपत्र केलेले नसले, तर मुलीस मुलग्याएवढाच वाटा १९५६ पासूनच आहे.

यास्तव घेणाराने विकणाराचा कुळवृत्तांत कागदावर मांडावा. मूळ पुरुष कोण, त्यास मुलगे किती, मुली किती, कोण केव्हा वारले, मयत मुलीची मुले कोठे आहेत, हे सर्व लिहून घ्यावे व गावातील वडीलधाऱ्यांकडून पडताळून पाहावे. जे जे हिस्सेदार निघतील त्या सर्वांच्या सह्या खरेदीखतावर घ्याव्यात, अथवा त्यांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र पाहावे. हिस्सेदारांत कोणी अज्ञान असून त्याचा स्वतंत्र हिस्सा असेल, तर पालकास न्यायालयाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. तीवाचून व्यवहार करू नये.

कागदांची परीक्षा

आता कागद कोणत्या क्रमाने पाहावेत ते सांगतो.

प्रथम गाव नमुना सात. त्यात भोगवटादाराचा वर्ग, लागवडीचे क्षेत्र, पोटखराबा, आकार, व 'इतर हक्क' हा रकाना बारकाईने वाचावा. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, विहिरीतील हिस्सा, न्यायालयातील दाव्याची नोंद, 'हस्तांतरणास बंदी' असा शेरा, हे सर्व येथेच सापडते. मुलींची नावेही पुष्कळदा येथेच दडलेली असतात. परंतु हा रकाना कोरा आहे म्हणजे दावा नाही असे मात्र समजू नये. दावा चालू असताना घेतलेली जमीन त्या दाव्याच्या निकालास बांधलेली असते, हा १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचा नियम आहे.

दुसरा नमुना बारा, म्हणजे पिकांची नोंद. विकणार म्हणतो वहिवाट माझी, आणि पेरा दुसऱ्याच्याच हातचा, असे असल्यास थांबावे व चौकशी करावी. सन २०२१ पासून ई-पीक पाहणीत पिकाची नोंद खातेदाराने स्वतः करावयाची असल्यामुळे हा नमुना एकटाच पुरेसा मानू नये. प्रत्यक्ष रानात कोणाचे औत चालते ते पाहावे.

तिसरा नमुना आठ-अ. त्यावरून विकणाराचे गावातील एकंदर खाते कळते.

चौथा व सर्वांत महत्त्वाचा नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही. उताऱ्यावरील प्रत्येक क्रमांकाचा फेरफार काढावा. संगणकीय उताऱ्यावर जे नाही ते जुन्या हस्तलिखित उताऱ्यांवरून शोधावे. तालुक्याच्या अभिलेख कक्षातून नकला मिळतात. प्रत्येक फेरफारास एकच प्रश्न विचारावा : हे नाव कोणत्या आधाराने आले? आधार नोंदणीकृत खत असेल तर ते खत पाहावे. वारस असेल तर सर्व वारस आले काय ते पाहावे. वाटप असेल तर सर्व हिस्सेदारांची संमती होती काय ते पाहावे. ज्या गावी एकत्रीकरण योजना झाली तेथे सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले आहेत. जुन्या कोणत्या नंबरापासून आजचा गट बनला व क्षेत्र घटले की वाढले, हे योजनापत्रकावरून ताडून पाहावे.

पाचवा, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील सूचीचा शोध. निदान तीस वर्षांचा शोध वकिलामार्फत घ्यावा. तदनंतर स्थानिक वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्यावी. नोटिशीचा खर्च जमिनीच्या किमतीच्या मानाने नगण्य असतो. परंतु दडलेला हिस्सेदार जर बाहेर यावयाचा असेल, तर तो पैसे देण्यापूर्वी यावा, हे केव्हाही हिताचे.

कोणती जमीन सहजासहजी घेता येत नाही

भोगवटादार वर्ग २ असा शेरा असला तर ती जमीन काही अटींवर धारण केलेली आहे असे समजावे. शासनाने वाटप केलेली, अतिरिक्त म्हणून काढून घेऊन भूमिहीनांस दिलेली, पुनर्वसनात मिळालेली, वतन खालसा होऊन पुनः प्रदान झालेली, अशा अनेक जमिनी या वर्गात येतात. सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून व नजराणा भरल्यावाचून त्यांचे हस्तांतरण केल्यास शर्तभंग होतो व जमीन सरकारजमा होण्याची भीती असते. देवस्थान इनाम व गायरान यांच्या वाटेस तर कोणीही जाऊ नये.

कुळाने कूळकायद्याखाली विकत घेतलेली जमीन हा पश्चिम महाराष्ट्रात वारंवार भेटणारा प्रकार. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कुळे कसत्या जमिनीची मालक मानली गेली. परंतु १९४८ च्या कायद्यातील कलम ४३ अन्वये त्या विकण्यास बंधन राहिले. सन २०१४ च्या दुरुस्तीने असे झाले की, खरेदीचे प्रमाणपत्र मिळून दहा वर्षे लोटली असल्यास, आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून परवानगीवाचून विक्री करता येते. आकार रुपया-दोन रुपयांत असल्यामुळे ही रक्कम क्षुल्लक असते. पण ती भरण्याचे राहून गेले म्हणजे पुढे वर्षानुवर्षे हेलपाटे पडतात. विदर्भ व मराठवाडा येथील कूळकायदे निराळे आहेत, हे तेथील वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीने परवानगीवाचून घेणे हा तर उघड कायदेभंग होय. अशा जमिनी मूळ मालकांस परत देण्याकरिता १९७४ साली स्वतंत्र कायदा झाला व त्याखाली त्या परतही गेल्या आहेत. जो शेतकरी नाही त्यास जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. म्हणून घेणाराने आपण शेतकरी असल्याचा पुरावा जवळ ठेवावा.

शेवटी तुकडेबंदी. १९४७ च्या कायद्याप्रमाणे प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा विकता येत नाही. सन २०२३ मध्ये शासनाने बहुतेक जिल्ह्यांकरिता हे क्षेत्र जिरायतीस २० गुंठे व बागायतीस १० गुंठे असे ठरविले. नागरी हद्दीतील नियम निराळे व बदलते आहेत. त्यांची चौकशी खत करण्याच्या सुमारास दुय्यम निबंधकाकडे करावी. 'दोन गुंठे घ्या, नोंद पुढे होईल' असे सांगणाराच्या नादी लागू नये.

शीव, वाट व पाणी

कागद शुद्ध असले तरी काम अर्धेच झाले. उरलेले अर्धे काम पायांनी करावयाचे असते. खताच्या आधी शेताच्या चारी शिवा विकणारासह व लगतच्या खातेदारांसह फिरून पाहाव्यात. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, अर्थात् १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. आणि हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर मध्ये असते व बोली गुंठ्यांत चालते. एक गुंठा म्हणजे एक आराहून किंचित अधिक. दोन्ही मापे ताडून पाहावीत. उताऱ्यावरील क्षेत्र व जागेवरील क्षेत्र यांत अंतर पडणे ही नित्याची गोष्ट आहे. म्हणून भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा कायम कराव्यात व खरेदीखत मोजणीच्या नकाशाप्रमाणे लिहावे. मोजणी खरेदीच्या आधी करावी. नंतर केलेल्या मोजणीत चार गुंठे कमी भरले, तर ते चार गुंठे शेजाऱ्याकडे मागत फिरावे लागते.

वाट कोठून आहे हे पाहिल्याखेरीज विसार देऊ नये. दुसऱ्याच्या बांधावरून जाणारी वाट नकाशात आहे, की केवळ मेहेरबानीची आहे? मेहेरबानीची वाट मालक बदलला की बंद होते. चालू वाट कोणी अडविल्यास १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. परंतु ती सहा महिन्यांच्या आत मागावी लागते. वाटच नसेल तर बांधावरून वाट मिळण्याकरिता महसूल संहितेच्या कलम १४३ खाली अर्ज करावा लागतो, व त्याचा निकाल लागेपर्यंत ऊस तोडून बाहेर कसा काढावयाचा हा प्रश्न तसाच उभा राहतो. जी जमीन रस्त्यावरच्या जमिनीहून पुष्कळ स्वस्त मिळते, तिच्या किमतीतून वाटेचीच किंमत वजा झालेली असते.

विहिरीचेही तसेच. 'विहिरीत चार आणे हिस्सा' असे खतात लिहून भागत नाही. पाळी कोणत्या दिवशी, किती प्रहर, वीजजोडणी कोणाच्या नावे, पाइप कोणाच्या रानातून, हे स्पष्ट लिहून घ्यावे. विहीर फेब्रुवारीपर्यंत भरलेली दिसते; ती मे महिन्यात पाहावी.

पैशाचा हिशेब

जमीन कर्ज काढून घ्यावी काय, असा प्रश्न मला वारंवार विचारण्यात येतो. उत्तर आकड्यांनीच द्यावे. समजा, ६० गुंठे जिरायत १२ लाखांस घेतली व सर्व रक्कम दरसाल दर शेकडा १० व्याजाने काढली. वर्षाचे व्याजच १,२०,००० रुपये झाले. त्या रानात खर्च वजा जाता वर्षास ३०,००० रुपये सुटले असे धरले, तरी ९०,००० रुपये दुसरीकडून आणून भरावे लागतील, व मुद्दल जागच्या जागीच राहील. दोन वर्षे पाऊस चुकला तर नवी जमीन जुन्या जमिनीस घेऊन बुडते. तात्पर्य, शेतीच्या उत्पन्नातून शेतजमिनीचे कर्ज फिटेल ही आशा बाळगू नये. शिल्लक असेल तेवढ्यातच घ्यावे. आणि त्या शिलकेतूनही सुमारे चौथाई भाग मुद्रांक, नोंदणी, मोजणी, बांधबंदिस्ती व पाण्याची सोय यांकरिता बाजूस काढून उरलेल्या रकमेची जमीन पाहावी.

विसार द्यावयाचा तो बँकेमार्फतच द्यावा. २०,००० रुपये वा त्याहून अधिक विसार रोखीने घेण्यास आयकर कायद्याने २०१५ पासून मनाई आहे. आणि कायदा बाजूस ठेवला तरी रोखीने दिलेल्या पैशास साक्षीदार लागतो, व साक्षीदार उलटतो. साठेखत नोंदवून घ्यावे व त्यात मुदत, अटी व विसार परत करण्याची तजवीज स्पष्ट लिहावी. साठेखताने मालकी मिळत नाही. कुलमुखत्यारपत्राने तर मुळीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली हे स्पष्ट केले आहे की, साठेखत, मुखत्यारपत्र व मृत्युपत्र यांच्या जोडगाठीने स्थावराची विक्री होत नाही. त्यास नोंदणीकृत खरेदीखतच हवे. मुखत्यार खत करून देत असेल तर मूळ मालक हयात आहे काय व मुखत्यारपत्र रद्द झाले नाही ना, हे स्वतः जाऊन पाहावे.

येथे विकणाऱ्या बंधूंसही एक सूचना देणे प्राप्त आहे. सन १८७५ मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध जे दंगे झाले, त्यांचा आरंभ सुपे गावी झाला. लोकांनी सावकारांच्या वह्या व खते जाळली. त्या रागाच्या मुळाशी ही खतेच होती : घेतले कर्ज, आणि लिहून दिले भलतेच. पुढे १८७९ साली डेक्कन शेतकरी कायदा झाला. तो कायदा आता नाही, पण ती रीत अद्याप गेली नाही. आजही कित्येक गरजू खातेदार दोन लाख उसने घेतात व विश्वासापोटी साधे खरेदीखत नोंदवून देतात. परत लिहून देण्याची बोली मात्र तोंडी. जमीन परत करण्याची अट त्याच खतात लिहिलेली नसेल तर कायदा त्यास गहाण मानीत नाही. सावकारीपोटी अशी जमीन गेली असल्यास २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. तथापि पुरावा गोळा करता करता आयुष्य जाते. कर्ज हवे तर गहाणखत करावे. खरेदीखत कदापि करू नये.

शहरालगतचे भूखंड

भूसंपादनाचा मोबदला हाती आलेले पुष्कळ शेतकरी हल्ली शहरालगत भूखंड घेतात. त्यांस एवढेच सांगणे की, शेतजमिनीची सर्व परीक्षा येथेही लागू आहे, आणि तीवर आणखी दोन गोष्टी अधिक. भूखंड मंजूर रेखांकनातील आहे काय, व जमीन अकृषिक वापरास योग्य ठरली आहे काय, हे प्रथम पाहावे. दुसरे असे की, २०१६ च्या कायद्याप्रमाणे ५०० चौरस मीटरांहून मोठ्या जमिनीवरील भूखंडांचा प्रकल्प विकावयाचा असल्यास महारेराकडे त्याची नोंदणी लागते; तो नोंदणी क्रमांक घेऊन महारेराच्या संकेतस्थळावर पाहावा. केवळ चुन्याच्या रेघा व रंगीत चित्रे पाहून विसार देऊ नये.

खत झाल्यावर

नोंदणी झाली म्हणजे आता वर्दी आपोआप तलाठ्याकडे जाते. तरीही आपण स्वस्थ बसू नये. हितसंबंधितांस नोटिसा निघून मुदत गेल्यावर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. तोपर्यंत पाठपुरावा करावा व नवा उतारा हाती येताच नाव, क्षेत्र व गट नंबर अक्षरशः ताडून पाहावा. लेखनप्रमाद असल्यास कलम १५५ खाली लगेच दुरुस्तीचा अर्ज द्यावा. जुनी चूक पुढे हक्काचे रूप धारण करते. मूळ खत, सूची क्रमांक २, मोजणीचा नकाशा व पैसे दिल्याचे पुरावे एका पेटीत ठेवावेत, व ती पेटी कोठे आहे हे घरात पत्नीस व मुलामुलींस, दोघांसही, सांगून ठेवावे.

माझ्या खरेदीचा शेवट

माझा दावा वर्षभर चालला व नंतर तडजोडीने मिटला. बहिणींनी आपल्या आठ आणे हिश्श्याचे स्वतंत्र खरेदीखत मला करून दिले व मी त्यांस त्यांचे ६ लाख रुपये दिले. भावांनी मोठ्या मिनतवारीने २ लाख परत केले. म्हणजे १२ लाखांची जमीन मला १६ लाखांस पडली, व त्यावर मुद्रांक, वकील आणि वर्षभराची झोप निराळी. तरी मी स्वतःस सुदैवी समजतो. तडजोड न होती तर ३० गुंठ्यांचा अविभक्त हिस्सा पदरी घेऊन वाटपाचा दावा मलाच लावावा लागला असता, व तो निकालात निघेपर्यंत मी हयात असतो की नाही कोण जाणे.

दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सह्या झाल्यावर थोरली बहीण मजपाशी आली. साठीची बाई; तिचे सासर आमच्या गावापासून सात कोसांवर. ती म्हणाली, "भाऊसाहेब, तुमच्याशी आमचं वैर नव्हतं. आम्हाला कुणी विचारलंच नाही. घरी येऊन विचारलं असतं, तर भावासाठी मी कोऱ्या कागदावरसुद्धा सही दिली असती."

सात कोस जाऊन येण्यास अर्धा दिवस लागतो. बारा लाखांच्या खरेदीत तेवढा अर्धा दिवस मी वाचविला होता.

म्हणून घेणारास माझे सांगणे एवढेच की, विसार देण्यापूर्वी विकणाराच्या प्रत्येक बहिणीच्या दारी स्वतः जावे. आणि ज्यांच्या घरी वडिलांच्या पश्चात वारस नोंद व्हावयाची आहे, त्यांनी बहिणींची नावे भोगवटादार म्हणूनच, आपल्या बरोबरीने दाखल करावीत. बहिणीस हक्क सोडावयाचा असेल तर ती नोंदणीकृत खताने, समजून उमजून सोडील. सोडावयाचा नसेल तर तो तिचा आहे. यात भावाचे काही जात नाही, उलट जमिनीचा कागद निर्मळ होतो. आणि निर्मळ कागदाच्या जमिनीस बाजारात चार पैसे नेहमीच अधिक येतात.